नांगीचे पाहुणे

पश्चिम नेपाळात म्याग्दी नावाचा जिल्हा आहे. त्याच्या उत्तरेस धवलगिरीची हिमाच्छादित भिंत उभी आहे, तर पूर्वेस अन्नपूर्णेच्या रांगा पसरलेल्या आहेत. या पर्वतांच्या पायथ्याकडे उतरत येणाऱ्या एका डोंगरसोंडेवर, सात हजार फुटांहून अधिक उंचीवर, नांगी हे पुन मगर लोकांचे खेडे वसले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत या खेड्यातील शाळेत कोणी डोकावले असते, तर एका खोलीत काही लाकडी पेट्या मांडून ठेवलेल्या त्याच्या दृष्टीस पडल्या असत्या. गावच्या सुताराने फावल्या वेळात ठोकून द्याव्यात अशा त्या साध्या पेट्या. परंतु प्रत्येक पेटीच्या पोटात सुटे भाग जोडून तयार केलेला एकेक संगणक होता. त्यांना लागणारी वीज गावाजवळच्या ओढ्यावर बसविलेल्या लहानशा जनित्रातून येत होती. गावात टेलिफोन नव्हता. जवळच्या मोटाररस्त्यापासून नांगी गाठावयाची तर सात तासांची खडी चढण होती.

परदेशातून माणसे येतात, शाळेत संगणक बसवून देतात, काही आठवडे किंवा महिने गावकऱ्यांच्या घरी राहतात आणि परत जातात, हा प्रकार गेल्या पंचवीसतीस वर्षांत जगाच्या अनेक भागांत घडून आला आहे. त्याचा वृत्तांत बहुधा येणाऱ्यांनीच लिहिला, आणि त्यात स्वाभाविकपणेच येणाऱ्याचा प्रवास, येणाऱ्याचे श्रम व येणाऱ्याचे समाधान यांना अग्रस्थान मिळाले. नांगीची कथा ध्यानात ठेवण्याजोगी वाटते ती अशासाठी की, तेथे हा इतिहास यजमानाच्या बाजूनेही वाचता येतो.

म्याग्दीतल्या लोकांना परदेश अपरिचित होता, असे मात्र कोणी समजू नये. १८१५ साली, इंग्रज-नेपाळ युद्ध चालू असतानाच, कंपनी सरकारने गुरख्यांच्या पलटणी उभारण्यास आरंभ केला. तेव्हापासून मगर आणि गुरुंग तरुणांच्या पिढ्यान् पिढ्या परमुलखात लढत आल्या. १९४७ साली दहा गुरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आल्या व चार ब्रिटनकडे गेल्या, तरी डोंगरातल्या घरांना त्यामुळे फारसा फरक पडला नाही. १९४४ साली ब्रह्मदेशातील मोगाउंगच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे तुलबहादूर पुन हे याच म्याग्दीचे. असे असूनही, ज्या गावांतील पुरुषांनी तीन खंडांतील रणांगणे पाहिली त्या गावांत रस्ता, दवाखाना आणि चांगली शाळा यांचा पत्ता नव्हता. निवृत्तिवेतन येई, त्यावर घरे चालत. गाव मात्र होते तेथेच राही. मनीऑर्डरीवर दिवस काढणारी जुन्या कोकणातली खेडी ज्यांच्या आठवणीत आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

अशा गावात १९५५ साली महावीर पुन यांचा जन्म झाला. बालपण गुरेमेंढ्या राखण्यात गेले. गावच्या शाळेत कागद, पेन्सिल आणि पुस्तके यांचा अभाव होता. धुळपाटीवर अक्षरे गिरविलेल्या आपल्याकडील जुन्या पिढीला याची कल्पना सहज करता येईल. वडिलांनी मात्र मुलाच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. कुटुंबाला घेऊन ते दक्षिणेकडील चितवनच्या सखल प्रदेशात उतरले आणि होते नव्हते ते सारे मुलाच्या शिकण्यात घातले. मुलगा शिकला, शिक्षक झाला, आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे मार्गी लागेपर्यंत सुमारे बारा वर्षे त्याने शिक्षकाचीच नोकरी केली. पुढे पत्रव्यवहार करून त्याने अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळविली. कार्नी येथे पदवी घेऊन १९९२ साली महावीर पुन नांगीस परतले, तेव्हा गाव सोडल्याला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. परदेशी पदवी हाती असलेल्या माणसाने काठमांडू सोडून अशा खेड्यात जावे, याचे त्या काळी पुष्कळांना नवल वाटले असेल. गावकऱ्यांच्या साहाय्याने १९९३ मध्ये त्यांनी तेथे हिमांचल माध्यमिक शाळा उभी केली. शाळेच्या खर्चासाठी हातकागद, मुरंबे, याकपालन, गिर्यारोहकांसाठी तंबूंची जागा असे नाना उद्योग पुढे सुरू झाले. त्यांतले सगळेच यशस्वी झाले असे नव्हे. परंतु शाळा गावाची आहे व तिचा भार गावानेच उचलावयाचा आहे, ही भावना त्यांतून पक्की झाली, आणि पुढील साऱ्या घटनांचे मूळ तेथे आहे.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्यांनी वापरलेले चार संगणक नांगीच्या शाळेला भेट म्हणून दिले. मोटार जेथे संपते तेथून पुढे सर्व सामान माणसाच्या पाठीवर चढते. डोको नावाची बांबूची शंकाकृती टोपली आणि कपाळावरून घेतलेला नाम्लो हा पट्टा, हेच त्या डोंगराचे मालवाहू वाहन. चार यंत्रांवर एका शाळेचे किती दिवस भागणार? म्हणून पुन यांनी सुटे भाग मिळवून आणखी संगणक जोडण्यास आरंभ केला, आणि लोखंडी आवरणांऐवजी लाकडी पेट्या वापरल्या. लाकूड आणि ते कापणारा हात दोन्ही गावातच होते. या पेट्यांचे छायाचित्र पाहून परदेशी वाचकांना गंमत वाटली. परंतु ज्याने यंत्र स्वतः जोडले त्याला ते उघडण्याची भीती वाटत नाही, हा त्यांचा मोठा लाभ फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. अनेक देशांतील शाळांत दान म्हणून आलेले संगणक पहिल्याच बिघाडानंतर कापड टाकून कपाटात ठेवले गेले, हे पाहता हा लाभ लहान नव्हता.

याच सुमारास स्वयंसेवक येऊ लागले. परदेशी जाऊन परक्यांच्या गावात हाताने काम करावे, ही कल्पना तेव्हा नवीन राहिली नव्हती. स्वित्झर्लंडचे पिएर सेरेझोल यांनी १९२० साली फ्रान्समधील व्हर्दंच्या रणभूमीजवळील एस्न या उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वयंसेवकांची पहिली तुकडी नेली. तिच्यात जर्मनही होते. युद्धाच्या जखमा ओल्या होत्या, जर्मनांविषयी अविश्वास होता, आणि काही महिन्यांतच तुकडीला काम अपुरे टाकून निघावे लागले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला भयंकर भूकंप झाला, तेव्हा हेच सेरेझोल मोजके सहकारी घेऊन भारतात आले आणि मुझफ्फरपूरच्या परिसरात पुनर्वसनाच्या कामास लागले. पुढे १९५८ मध्ये ब्रिटनने आणि १९६१ मध्ये अमेरिकेने तरुणांना परदेशी पाठविण्याच्या संघटना काढल्या. अमेरिकेच्या शांतिसेनेतले सर्वच तरुण होते असेही नाही. मुंबईत विक्रोळीच्या कामगार वसाहतीत १९६६ ते १९६८ या काळात रुग्णसेवा करणाऱ्या लिलियन कार्टर या अडुसष्टाव्या वर्षी भारतात आल्या होत्या, आणि त्यांचे चिरंजीव पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. नेपाळात शांतिसेनेची पहिली तुकडी १९६२ मध्ये उतरली. अर्थात, गोऱ्या शिक्षकाचे दर्शन नेपाळी डोंगरांना पस्तीसेक वर्षांपासूनचे होते.

नांगीस येणाऱ्यांची गोष्ट मात्र थोडी निराळी होती. त्यांच्यामागे सरकार नव्हते, भत्ता नव्हता, वरिष्ठ अधिकारी नव्हता. त्यांना बोलावले होते ते एका शाळेने. ते गावकऱ्यांच्या घरी उतरत, दोन वेळा डाळभात खात, कधी मक्याच्या वा कोद्याच्या पिठाचा ढिंडो चाखून पाहत. नेपाळी रिवाजाप्रमाणे परक्या माणसालाही नात्याने हाक मारतात. थोरला असेल तर दाइ वा दिदी, धाकटा असेल तर भाइ वा बहिनी. वीसबावीस वर्षांच्या पदवीधराला हे बहुधा जन्मात प्रथमच ऐकू येत असे. इंग्रजी आणि संगणक हे त्याचे प्रांत. परंतु पायवाट कोणती धरावी, पावसाळ्यात जळू कशी काढावी, थंडीत चुलीपाशी कोठे बसावे, हे त्याला यजमानाचा दहा वर्षांचा मुलगा शिकवी. शाळेत जो गुरू तो घरी शिष्य होई. स्वयंसेवेच्या साहित्यात या दुसऱ्या शाळेचा उल्लेख क्वचितच येतो.

संगणक चालू झाले, मुले त्यांवर अक्षरे उमटवू लागली, पण डोंगरापलीकडच्या जगाशी त्या यंत्रांचा संबंध नव्हता. टेलिफोनची तार नांगीपर्यंत येण्याचा संभव नव्हता. ई-टपाल पाहावयाचे तर पुन यांना पोखरा शहर गाठावे लागे. २००१ साली त्यांनी नेब्रास्का विद्यापीठातून पुढील पदवी संपादन केली, आणि त्याच वर्षी लंडनच्या बीबीसीला एक ई-पत्र लिहिले. आपले गाव इंटरनेटशी स्वस्तात कसे जोडता येईल, एवढाच त्यात प्रश्न होता. बीबीसीने तो प्रसिद्ध केला, आणि वर्षभरात युरोप व अमेरिकेतून स्वयंसेवक मदतीला आले.

त्यांनी सुचविलेला मार्ग त्या वेळी धाडसी वाटण्यासारखा होता. अमेरिकेने १९८५ मध्ये रेडिओलहरींचे काही पट्टे परवान्याविना वापरण्यास खुले केले होते. त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारी बिनतारी संगणक-जोडणी १९९७ मध्ये प्रमाणित झाली. आजच्या घरोघरच्या वाय-फायचा उगम तो. ही उपकरणे एका कचेरीतल्या कचेरीत, फार तर शंभरेक मीटरपर्यंत, उपयोगी पडावीत अशा बेताने केलेली होती. परंतु त्यांच्या लहरी थाळीच्या आकाराच्या ॲंटेनाने एका दिशेस एकवटल्या, तर त्या मैलोन् मैल जातात. अट एकच, की दोन टोकांनी एकमेकांना पाहिले पाहिजे. मध्ये डोंगर आला की संदेश खुंटला. सपाट मैदानातल्या माणसाला ही अट जाचक वाटेल, पण नांगीसारख्या ठिकाणी समोरच्या डोंगरावरचे गाव डोळ्यांना दिसत असते; तेथे चालत जाण्यासाठी मात्र आधी दरीत उतरावे लागते. जी भूमिरचना पायांची वैरीण होती ती लहरींची मैत्रीण ठरली. २००२ मध्ये नांगी आणि शेजारचे रामचे ही दोन गावे जोडली गेली. दूरचित्रवाणीच्या थाळ्या ॲंटेना म्हणून वापरल्या आणि त्या उंच झाडांवर चढवून बांधल्या. मनोरा उभारण्यास पैसा नव्हता, झाडे मात्र होती. झाडावर चढण्याच्या कामी परदेशी पदवी उपयोगाची नाही, हे सांगणे नलगे.

हे सारे घडत असताना नेपाळ यादवी युद्धाच्या वणव्यात होता. माओवाद्यांचे बंड १९९६ मध्ये सुरू झाले होते. जून २००१ मध्ये राजवाड्यातील हत्याकांड झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणीबाणी पुकारली गेली. बिनतारी उपकरणे आणण्यावर आणि वापरण्यावर सरकारचा निर्बंध होता. त्यामुळे नांगीच्या जाळ्याची उपकरणे अमेरिका आणि सिंगापूर येथून गुपचूप आणावी लागली. डोंगरमाथ्यावरची ॲंटेना दोन्ही पक्षांच्या संशयाला पात्र होती; सैन्याला तिच्यात बंडखोरांचे निरोप दिसावेत आणि बंडखोरांना सरकारची हेरगिरी, यात आश्चर्य कसले? मार्च २००४ मध्ये माओवाद्यांनी म्याग्दीचे मुख्य ठिकाण बेनी यावरच मोठा हल्ला चढविला. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या शांतिसेनेने आपले स्वयंसेवक नेपाळातून मागे घेतले. ज्यांच्यामागे सरकार होते ते निघून गेले. काम मागे राहिले ते गावच्या मुलांच्या हाती.

निर्बंध मोडणे हे चूक की बरोबर, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. परवान्याच्या फायली ज्याने वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत त्याला दोन्ही बाजू दिसतात. युद्धकाळात कोणतेही सरकार लहरींकडे कानाडोळा करू शकत नाही, हे खरे. पण ज्या यंत्राची पोच शाळेच्या खोलीपुरती असेल त्याला आणि लष्करी प्रक्षेपकाला एकाच कलमाखाली आणणारा कायदा आपल्याच शब्दांत गुरफटलेला असतो. या बाबतीत नेपाळला एकट्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळ्या आवारात परवान्याविना वापरण्याची मुभा भारतानेदेखील २००५ सालीच दिली. नेपाळात नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला. त्या सुमारास निर्बंध सैल झाले आणि नांगीचे जाळे कायद्याच्या उजेडात आले.

तोवर ते बरेच पसरले होते. लहानसहान अनुदाने मिळवून डोंगरमाथ्यांवर पुनःक्षेपण केंद्रे उभी राहिली. त्यांतले एक मोहरे डांडा या दहा हजार फुटांहून उंच शिखरावर होते. तेथे तारेची वीज नसल्यामुळे सूर्यप्रकाश आणि वारा यांवरच भिस्त ठेवावी लागे. वीज पडून उपकरणे जळत, आणि बिघाड झाला की कोणालातरी वर चढून जावे लागे. २००३ मध्ये या साखळीचे टोक पोखऱ्यास भिडले आणि नांगी इंटरनेटशी जोडले गेले. २००७ पर्यंत बारा गावे या जाळ्यात आली होती आणि शाळांतून शंभर संगणक पोचले होते. दूरच्या कुरणांत राहणारे याकपालक घरच्यांशी व व्यापाऱ्यांशी बोलू लागले. गावच्या आरोग्यसेविकेला शहरातल्या डॉक्टरचा चेहरा पडद्यावर दिसू लागला, आणि एखाद्या रोग्याला खाली न्यावे की न न्यावे याचा निर्णय विचारून घेता येऊ लागला. सात तासांच्या उतरणीवर रोग्याला पाठीवर न्यावयाचे असते तेव्हा हा निर्णय किती मोलाचा असतो, ते डोंगरातल्या माणसालाच विचारावे. एका शिक्षकाला दुसऱ्या गावातल्या वर्गासही शिकविता येऊ लागले, कारण गणित व विज्ञान यांचे शिक्षक सर्वत्र मिळत नव्हते.

या साऱ्यात स्वयंसेवकांचा वाटा किती? त्यांच्यावाचून आरंभ झाला नसता, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. थाळीने लहर एकवटते हे ज्ञान आणि ती उपकरणे त्यांनीच आणली. पण त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण काही आठवड्यांनी वा महिन्यांनी परतला, आणि मोहरे डांड्यावरची वीज त्यानंतरही पडतच राहिली. वर चढून जाणारे होते ते नांगीच्या शाळेत लाकडी पेट्यांवर शिकलेले माजी विद्यार्थी. नव्या गावात जाळे न्यावयाचे झाले की तेच जात, तेथल्या शिक्षकांना शिकवीत आणि सुटे भाग बदलीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या गावाने पाहुण्यांकडे संगणकाची याचना केली नव्हती. शाळा आधी उभी होती, वीज आधी आली होती, पेट्या आधी ठोकल्या होत्या. पाहुण्यांना विचारला होता तो एक नेमका प्रश्न, आणि त्याचे उत्तर नेमके असल्यामुळेच ते टिकले. ज्या ठिकाणी प्रश्नही पाहुण्यांनीच आणला, तेथल्या कपाटांत काय आढळते याचा उल्लेख वर आलाच आहे.

२००७ साली महावीर पुन यांना सामुदायिक नेतृत्वाबद्दल रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. याच विभागातील पहिला पुरस्कार १९५८ मध्ये आचार्य विनोबा भावे यांना मिळाला होता. २०१४ मध्ये इंटरनेटच्या मानकऱ्यांच्या जागतिक नामावलीत पुन यांचा समावेश झाला. पुढे त्यांचे कार्यक्षेत्र काठमांडूकडे सरकले. तेथे त्यांनी राष्ट्रीय आविष्कार केंद्र स्थापन केले, २०२२ मध्ये म्याग्दीतून अपक्ष म्हणून ते प्रतिनिधिसभेवर निवडून आले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम सरकारात शिक्षणमंत्री झाले.

दरम्यान नेपाळच्या डोंगरांत मोबाइल टेलिफोन पोचला, आणि झाडावरच्या थाळ्यांची पूर्वीइतकी निकड उरली नाही. मोहरे डांड्याचा माथा मात्र ओस पडला नाही. जेथे बिनतारी केंद्राची राखण चाले त्याच माथ्यावर आसपासच्या गावांनी मिळून एक सामुदायिक विश्रामगृह बांधले. धवलगिरीवर पहिले ऊन पडताना पाहावे म्हणून पाहुणे पहाटे तेथे उठून बसतात. चहाचे आणि मुक्कामाचे पैसे देतात, आणि त्या मिळकतीतून गावच्या शाळांना वाटा जातो.